दोन सूत

वाडीच्या आमच्या यार्डात ती गाडी शिरली
मे महिन्याच्या भर दुपारी.
पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.
बाजूची खोली अर्धी बाहेर, अर्धी आत,
दोरखंडानं आवळलेली, जनावर बांधून आणावं तशी.
रायपूरपासून असंच आले म्हणे,
देवतळे आणि त्यांच्या सौ. निर्मलाबाई.

ही खोली माझ्याच हातची, गेल्या डिसेंबरातली.
बटण दाबलं की भिंतीतून खणासारखी सरकत येते:
एक पलंग, दोन खिडक्या, पायाचं शिलाई मशीन.
गाडी चालत असते तेव्हा ती खोली नसते.
थांबले, तरच असते.

"पुढून बसते. मागून बोटभर उघडीच."
देवतळ्यांनी ते बोटही दाखवलं.

माझे वडील आधी सगळं खोलायचे, मग विचार करायचे.
त्यांचे उरलेले स्क्रू अजून एका डब्यात आहेत.
मी आधी बॅटरी पाहिली. बारा पॉइंट सहा.
मग नळीत पाणी भरून चारी चाकांची पातळी पाहिली.
मग रबर: मागच्या कोपऱ्यात चावलेलं,
पण रबर गुन्हेगार नसतं, ते नुसतं सापडतं.
मग एकेक मोटर वेगळी चालवली.
दोन्ही ठणठणीत.

मेश्राम म्हणाला, "नवराबायकोसारखं झालं ना भाऊ हे,
एक पुढं पळून राहिली, दुसरी अडून राहिली."
मी म्हटलं, सतराचा पाना दे.

लोखंड निवेपर्यंत थांबलो.
रात्री दहाला पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेलो.
दिवा तोंडात. घाम कानात.
मागच्या रुळाचा ब्रॅकेट दोन सूत खाली बसलेला,
गिअरनं एक दात सोडलेला,
आणि ब्रॅकेटच्या फटीतून जीभ काढल्यासारखा
पेंटच्या डब्याचा पत्रा, चौघडी घातलेला.

ओळखला.
रविवारी त्यांचा मुहूर्त होता, शनिवारी संध्याकाळी
रूळ दोन सूत कमी भरला.
पट्टी कापायला कोण बसतं?
हाच पत्रा दुमडून ठोकला होता मी,
पुढच्या खेपेला बदलू, म्हणून.

रस्ते खराब, असं म्हणता आलं असतं.
रस्त्यांबद्दल कोणीही विश्वास ठेवतो.
पत्रा आणून पायरीवर ठेवला.
"हे माझं काम आहे," म्हटलं. "म्हणजे, चूक."

देवतळे चष्मा वर करून पाहत राहिले.
निर्मलाबाईंनी विचारलं, "किती फरक होता?"
"दोन सूत. पाव इंच. पुढं दात सुटल्यावर जास्त."
त्या हळूच म्हणाल्या,
"पुरीपासून मला चक्कर येते.
झोपलं की कोणीतरी पायाकडून ओढतंय असं.
डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. गोळ्या दिल्या."

मेश्रामनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

सहा एमेमची पट्टी कापली, भोकं पाडली, कडा घासल्या,
जिथं कोणाचा हात कधी पोचणार नाही तिथल्यासुद्धा.
मोटर सुटी करून हातानं दात मोजले,
पुढचे अकरा, मागचे अकरा.
बटण दाबलं. खोली आत गेली, बाहेर आली,
आत गेली. चारी बाजूंनी उजेडाची फट
एका केसाएवढी, मग तीही नाही.
परत बाहेर काढली. फरशीवर लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध.
पण बाईंनी बुडबुड्याकडे पाहिलंच नाही.
त्या आत जाऊन आडव्या झाल्या.
आम्ही तिघं पायरीशी उभे,
आतल्या कूलरचा आवाज ऐकत.
बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "कळत नाही अजून.
सकाळी सांगते."

पहाटे धुळीचं वादळ आलं, यार्ड पिवळं करून गेलं.
सकाळी त्यांनी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
रबराचे पैसे घेतले, मजुरी नाही.
गोळ्यांची पट्टी त्यांनी पर्समध्येच ठेवली.

खोली आत गेली, गाडी अमरावती रोडला लागली,
आणि जिथं रात्रभर ती खोली होती
तिथं धुळीत एक लांबट स्वच्छ चौकोन उरला.
मेश्राम झाडू घेऊन आला.
म्हटलं, तेवढं राहू दे.
तो म्हणाला, "काहून?"